सगुणकाकांचा लोड

सगुणकाका शाळेची बस सुरू करण्याआधी मुलांची वजनं करायचे. काटाबिटा काही नाही, नुसत्या नजरेने. सकाळी लाटंबार्स्याच्या पहिल्या थांब्यावर ते बसच्या दारात उभे राहत, चढणाऱ्या प्रत्येक पोराला वरपासून खालपर्यंत बघत आणि हुकूम सोडत, "तू डाव्या बाजूक. तू मागच्या चाकार. तू बारीक गो, तू मदी बस." शेवटच्या थांब्यावर सगळी चढली की खाली उतरून बसभोवती एक फेरी, प्रत्येक चाकाला एक लाथ, मग मागे जाऊन एक डोळा मिटून गाडी कुठे कलली का ते बघायचं. तेवढं झालं की स्टिअरिंगवर बसत आणि मला म्हणत, "लोड सारको बसाक होयो, टीचर. नायतर चढणीर गाडी नाक वर करता."

पहिल्या दिवशी मी कपाळाला हात लावला. डिचोलीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागून मला आठवडा झाला होता, आणि मुलांच्याच बसने जायचं ठरलं होतं. मला मात्र त्यांनी ड्रायव्हरशेजारची पुढची सीट दिली. वर ती स्वतःच्या टॉवेलने पुसून दिली. मी खूश.

काका दोडामार्गकडचे. उभी हयात त्यांनी खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत खनिजाचे ट्रक हाकले. खाणी बंद पडल्या तेव्हा शाळेच्या बसवर आले, पण डोक्यातला ट्रक काही उतरला नाही. हमरस्ता लागायच्या आधी ओरडत, "ताडपत्री!" की मुलं भराभर खिडक्या लावून घेत. ट्रकवरची माती रस्त्यावर सांडली तर दंड व्हायचा, तेव्हाची ती सवय. समोरून भरलेला टेम्पो आला की स्वतःची गाडी कडेला घेत. "भरलेल्याक वाट देवची. आपण काय, हलकी पोरां." त्या नादात आम्हाला रोज पाच मिनिटं उशीर व्हायचा आणि हेडसर दारात घड्याळ बघत उभे असायचे.

आणि त्यांचा तो शब्द! लोड. अहो, इंग्रजांनी तो केला असेल, पण वापरला सगुणकाकांनी. पंखा हळू फिरला तर "लायनीर लोड असा." मोबाइलवर भजन उघडेना, तर "लोड जायना मगो." आभाळ भरून आलं की "वयर फुल लोड." चतुर्थीच्या जेवणानंतर पोटावर हात फिरवत, "आज पासिंगपेक्षा जास्ती लोड जालो." सुनेला सहावा महिना लागला तेव्हा तिला म्हणाले म्हणे, "हळू चल गो, गाडी लोडेड असा." ती दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी. हेडसर चिडलेले दिसले की मला हळूच सांगायचे, "आज सायबाक लोड असा, टीचर, लांबसून जावा." आणि माझा चेहरा उतरलेला दिसला तर, "लोड घेव नकात. पगार तितकोच गावता."

माझ्यातली मास्तरीण कुठली गप्प बसते! आठवीच्या वर्गाला मी गृहपाठच दिला. काकांकडून या शब्दाचे अर्थ गोळा करा आणि प्रत्येकाचं एक इंग्रजी वाक्य करून आणा. मुलं अशी खुशीत की काय सांगू. शब्दकोशात नसलेले अर्थ फळ्यावर उतरले. एकाने तर आजोबांच्या बैठकीवरचा लोडही आणला, तो आपला मराठी, पण घेतला मी त्यालाही. मग मागच्या बाकावरचा एक उठला आणि म्हणाला, "तन्वी इज डबल लोड." वर्गात हशा फुटला. मी म्हटलं, "इज अ डबल लोड. 'अ' विसरलास." आणि पुढच्या मुलाकडे वळले.

तन्वी त्याच वर्गातली, लाटंबार्स्याची. अंगाने चांगली भरलेली, अभ्यासात हुशार, हसरी. दुसऱ्या दिवशी ती बसला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, ताप असेल. चौथ्या दिवशी तिची आई शाळेत आली, मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणाली, "टीचर, ती त्या बशीत पाय ठेवूक तयार नाय. सगळी तिका डबल लोड म्हणतत. काका तिका रोज मागच्या चाकार बसयतत ना, थंयसून सुरू जाला. दोन दिस धड जेवाक नाय. म्हणता, माका वाळपईक मावशीकडे धाड, थंयच्या शाळेत जातंय."

मला धरणी ठाव देईना. तरी मी काय केलं? माझ्या वर्गातल्या त्या वाक्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि दुपारी जाऊन सगळं काकांच्या गळ्यात घातलं.

"मी?" काका चहाचा ग्लास तसाच धरून राहिले. "मी काय बोललंय तिका?"

"तुम्ही नाही, मुलं बोलतात. पण तिला रोज मागे कोण बसवतं?"

ते बसच्या पायरीवर बसले. ग्लास खाली ठेवून म्हणाले, "सगळा आयुष्य ट्रकातसून माती व्हायलंय, टीचर. मातयेक लाज नसता. पोरांक असता, ह्या माझ्या ध्यानातच येवक नाय."

दुसऱ्या दिवशीपासून वजनं बंद. कोणी कुठेही बसा. मुलं पुढच्या सीटसाठी मारामाऱ्या करायला लागली आणि काका काही बोलेनात. लोड हा शब्दही तोंडातून गेला. फक्त एक नवीन गोष्ट सुरू केली. सगळी मुलं घेतली की बस परत लाटंबार्स्याला तन्वीच्या दाराशी नेऊन उभी करायची आणि गप्प थांबायचं. हॉर्न नाही. मी म्हटलं, एकदा वाजवा तरी. तर म्हणाले, "हॉर्न मारलो तर तिका धमकी वाटतली. तिका कळला बस उबी असा, इतक्या बस्स." तिची आई बिचारी लाजून चहा आणि उंडे पाव घेऊन बाहेर यायची. तन्वी पडद्याआडून बघायची, पण बाहेर येत नसे. दहा मिनिटांनी काका मान खाली घालून बस वळवत.

तिसऱ्या सकाळी हेडसर भडकले. "सगुण, उद्या उशीर झाला तर मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

"बघा, सायबा," काका शांतपणे म्हणाले. "पण एक सीट रिकामी ऱ्हवली तर ट्रिप भरत नाय."

चौथ्या सकाळी तन्वी दप्तर घेऊन बाहेर आली. काका खाली उतरले, टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाय, माझा चुकला. आजपासून तुका खंय बसाचा ता तू सांग."

तन्वी पायरीवर चढली. मुलांकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"काका, मग तुमी टीचरांक फुडे कित्या बसयतात? त्या माझ्या दुप्पट असत."

काकांचा चेहरा असा झाला की जमीन दुभंगली तर बरं. "टीचर म्हटल्यार... टीचर ना गो..." माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. खोटं कशाला बोलू, मला त्या पोरीचा संताप आला. पण बोलायला तोंड उघडलं आणि मला माझंच वाक्य ऐकू आलं. 'अ' विसरलास. एक मुलगी वर्गात मान खाली घालून बसली होती आणि मी व्याकरण सुधारत होते!

मी उठले. "तन्वी, ये, बस इथे. त्या दिवशी वर्गात मी त्याला गप्प करायला हवं होतं, तुझी माफी मागायला हवी होती. काकांची काही चूक नाही, माझी आहे." आणि दांड्याला धरत धरत मागच्या चाकावर जाऊन बसले.

"टीचर, तुमी कित्या?" काका कळवळून म्हणाले.

"लोड सारखा बसायला हवा ना, काका? चला आता, उशीर होतोय."

पहिली हसली ती तन्वी. मग सगळी बस हसली आणि काका डोळे पुसत स्टिअरिंगवर बसले. त्या दिवशी चढणीवर गाडीने नाक वर केलं नाही, हे त्यांनी मला उतरताना मुद्दाम सांगितलं. वर म्हणाले, "आज पयल्यांदा बॅलन्स बराबर जालो." मेला तेवढ्यातही सोडेना!

आता खाणी परत सुरू झाल्यात आणि काका जुन्या मालकाच्या बोलावण्यावरून ट्रकवर गेलेत. डिचोलीच्या बाजारात भेटले की पोरांची चौकशी करतात, तन्वी आता कॉलेजात कुठे बसते, असंही विचारतात. "माती बरी," म्हणतात, "पण बोलाक कोण नाय ओ."

बसवर नवा ड्रायव्हर आहे. त्याने पहिल्याच दिवशी पुढची सीट झटकून दिली. मी नको म्हटलं. मागच्या चाकावर हाडं खिळखिळी होतात, पण मुलं एकमेकांना काय म्हणतात ते सगळं तिथे ऐकू येतं.