शुक्रवारचा झाडू

निवृत्त माणसाला जुन्या गोष्टी सांगायची खोड असते. कंपनीतल्या सगळ्या गोष्टी माझ्या सांगून झाल्या आहेत. काही तर इतक्या वेळा सुधारून सांगितल्या की आता मलाच त्या खऱ्या वाटतात. एकच गोष्ट टाळत आलो. कोणी कंपनीच्या ग्रंथालयाचा विषय काढला की मी पंख्याचा वेग वाढवायला उठतो. आमच्या हिला वाटतं, मला उकडतं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. विभाग म्हणजे मी, एक यंत्र आणि एक थंडगार खोली. वातानुकूलन यंत्रासाठी होतं, पण मी ते माझ्या हुद्द्याच्या खाती जमा करून टाकलं होतं. खोलीबाहेर चपला काढायचा नियम माझाच. "देवळात निदान प्रसाद तरी मिळतो," असं लोक म्हणत.

शेजारी ग्रंथालय होतं आणि तिथे ग्रंथपाल बाई. रसायनशास्त्राच्या पदवीधर, वर ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. आई बाजारात मासळी विकते, हे त्या आपणहून सांगत. ते ऐकून आम्ही सुशिक्षित मंडळी "वा, वा" म्हणायचो. त्या 'वा'त काय भरलंय, हे त्यांना नीट कळत असे.

कंपनीत इंटरनेट नुकतं आलं होतं, आणि माझ्या यंत्राला जोडलेला एक पडदा आणि कीबोर्ड बाईंच्या टेबलावर होता. चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडायचा, तो घसा खरवडल्यासारखा ओरडायचा आणि मग एकेक पान उतरायचं. एक पान येईतो चहा पिऊन व्हायचा. त्यामुळे कामाचा पत्ता एकदा सापडला की तो जपून ठेवावा लागे. कुठलं रसायन कुठल्या देशात बंद झालं, कशाची वाफ किती घातक, हे सांगणारे पत्ते बाई चिकाटीने हुडकत आणि ग्रंथालयातल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवून खणात लावत.

"बाई, हे म्हणजे विमानाला बैल जुंपणं झालं," मी म्हणालो.

"बैल निदान हाक मारली की येतो, साहेब. तुमचं विमान सकाळपासून एंगेज लागतंय."

मग मी त्यांच्यावर उपकार करायचं ठरवलं. यंत्राला द्यायच्या आज्ञा एका साध्या फायलीत ओळीने लिहून ठेवायच्या, फायलीला नाव द्यायचं. नाव टाइप केलं की आज्ञा आपोआप चालतात. याला शेल स्क्रिप्ट म्हणत, आणि मी ते असं उच्चारायचो की ऐकणाऱ्याला मंत्रोपदेश झाल्यासारखं वाटावं. 'thev' लिहिलं की नवा पत्ता आणि त्याच्यापुढे बाईंचे चार शब्द एका फायलीच्या तळाशी जोडले जात. 'shodh' आणि एखादा शब्द लिहिला की तो शब्द असलेल्या ओळी पडद्यावर येत. बस्स, एवढंच. आजही याहून जास्त काही लागत नाही, पण तेव्हा मी त्याला 'प्रणाली' म्हणायचो.

बाईंना ती आवडली. खणातले सगळे पत्ते त्यांनी स्वतः टाइप करून फायलीत भरले. पत्त्यांपुढचे त्यांचे शब्द मात्र पाहण्यासारखे होते. रोज बदलणाऱ्या पानापुढे 'taja'. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेल्या, पण भरवशाच्या पानापुढे 'suka'.

"हा मासळीबाजार आहे का?" मी विचारलं.

"मग काय? माहिती पण वास घेऊनच घ्यायची असते."

मला हसू आलं, म्हणजे मी दात दाखवले. तिसरी आज्ञा मी त्यानंतर लिहिली: 'zadu'. ती फायलीतल्या एकेका पत्त्याचं दार वाजवी. ज्याचं उत्तर आलं नाही ती ओळ काढून टाकी. बाई सुरुवातीला 'jhadu' असं टाइप करत आणि यंत्र 'सापडत नाही' म्हणे. "यंत्राला शुद्ध मराठी लागते, बाई," मी म्हणालो. शेजारचे दोन हिशेबनीस हसले. बाई हसल्या नाहीत.

झाडूला त्यांचा विरोध होता. "एकदा दार उघडलं नाही म्हणून माणूस मेला असं धरायचं? घरात नसेल. झोपला असेल. परत जायचं."

"मेलेले पत्ते जमवून काय करायचंय?"

"सुकी मासळी मेलेलीच असते, साहेब. पावसाळ्यात तीच खातात."

मी मान हलवली आणि शिवाय एक सल्ला दिला: आता ती कार्डं कशाला जागा अडवतात? पाठ कोरी आहे, कँटीनला द्या. बाईंनी दिली. कँटीनवाल्याने कापून त्यांची चहाची कुपनं केली.

अशातच डायरेक्टरांच्या मनात आलं की परदेशी पाहुण्यांना जेवू घालायला चांगली खोली हवी, आणि चांगली खोली म्हणजे ग्रंथालय. पुस्तकं तळघरात, बाई कंपनीच्या आंबिवलीच्या गोदामात. बाई थेट त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. "शनिवारी सगळे ग्रंथालयात या. कुठल्याही रसायनाचं नाव घ्या. तुमच्यासमोर पान काढून देते. नाही जमलं तर मी आपण होऊन आंबिवलीला जाते." डायरेक्टरांना पैज आवडली. त्यांना जेवणाची खोली अधिक आवडत होती, ही गोष्ट वेगळी.

एवढं पणाला लागल्यावर फाइल चकाचक हवी, असं मला वाटलं. कोणी विचारलं नव्हतं. बाईंना न सांगता मी यंत्राला वेळ लावून दिली: शुक्रवारी सकाळी झाडू चालव. शुक्रवारी कंपनी बंद, टेलिफोन मोकळा. केवढी दूरदृष्टी!

डोंबिवलीतलं शेंबडं पोरही सांगेल की शुक्रवारी वसाहत बंद असते आणि त्याच दिवशी वीजही घालवतात. दर शुक्रवारी घरी वारा घेताना मी हातातल्या वर्तमानपत्राने हे सत्य अनुभवत होतो. पण हापिसातलं डोकं मी हापिसातच ठेवून येत असे. माझं यंत्र मोठ्या बॅटरीवर होतं, ते जागं राहिलं. मोडेम पलीकडे टेलिफोनच्या टेबलावर, साध्या प्लगवर, तो झोपला. यंत्राने नेमल्या वेळी झाडू उचलला, एकेक दार वाजवलं, एकाही दाराने ओ दिली नाही. सगळे मेले, असं त्याने प्रामाणिकपणे ठरवलं आणि सगळ्या ओळी झाडून टाकल्या. जुनी प्रत ठेवावी, अशी आज्ञा मी लिहिली नव्हती. लिहिली असती तर स्क्रिप्ट लांबली असती, आणि मला तिच्या आखूडपणाचा अभिमान होता.

शनिवारी डायरेक्टर, आम्ही विभागप्रमुख, सगळे जमलो. डायरेक्टरांनी एका द्रावकाचं नाव घेतलं. बाईंनी 'shodh' टाइप केलं. काही नाही. दुसरं नाव. काही नाही. त्यांनी 'taja' शोधलं, 'suka' शोधलं. काळा पडदा तसाच.

"बाई, आज बाजार बंद का?" डायरेक्टर म्हणाले. सगळे हसले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, फायलीचा आकार पाहिला. शून्य. शुक्रवार, बॅटरी, मोडेम, सगळं त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख झालं. इतकं झटपट मला आयुष्यात दुसरं काही समजलेलं नाही. आणि मी म्हणालो, "बाईंच्या हातून काहीतरी दाबलं गेलं असेल."

मराठी भाषा मोठी दयाळू. 'दाबलं गेलं' म्हटलं की दाबणारा नाहीसाच होतो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. 'बाईंच्या हातून' हे मी फुकट घातलं.

बाई उठल्या. कँटीनमध्ये गेल्या आणि कुपनं परत मागू लागल्या. बरीचशी वापरून फेकली गेली होती, काही आम्हा लोकांच्या खिशात होती. माझ्याही होती. त्यांच्या अक्षरातला अर्धा कापलेला एक पत्ता मी दुपारी कँटीनवाल्याला दिला आणि चहा घेतला. चहा बरा होता.

ग्रंथालयात झुंबर लागलं. बाई आंबिवलीला गेल्या.

काही महिन्यांनी गोदामाचा संगणक बघायच्या निमित्ताने मीही गेलो. निमित्तच, तो नीट चालत होता. डोंबिवलीपासून आंबिवलीपर्यंत मी वाक्य घोकलं: 'बाई, त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली.' शहाड स्टेशन गेल्यावर ध्यानात आलं की ही पण तसलीच चूक, आपोआप होणारी. मग ते बदललं: 'मी पुसलं.' दोनच शब्द.

पिंपांच्या रांगांमध्ये बाईंचं टेबल होतं. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. गोदामातल्या मालाची यादी त्यांनी माझ्याच आज्ञांवर बसवली होती: thev, shodh. झाडूही होता, नाव 'jhadu'. तो काहीच काढून टाकत नव्हता. ज्या मालाला बरेच दिवस कोणी विचारलं नाही त्याच्या ओळीपुढे नुसता एक शब्द लिही: 'suka'.

"बरं केलंत," मी म्हणालो. सवयीने मी कीबोर्डकडे हात नेला.

"साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "काही दाबू नका हं."

त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. विचारायला आधी ते दोन शब्द म्हणावे लागले असते.

"बाई," मी म्हणालो. त्यांनी मान वर केली आणि वाट पाहिली. पुरेशी वाट पाहिली.

"चहात आलं छान आहे," मी म्हणालो.