भगवंत, मालती आणि चिंधा

माझा भाऊ चिंधा. त्याच्या आधीचे दोघं, भगवंत आणि मालती, तीन वर्षांचेही झाले नाहीत. म्हणून हा जन्मल्यावर आईने त्याला शेजारणीच्या पदरात टाकलं, एक चिंधी देऊन परत घेतलं आणि नाव ठेवलं चिंधा. मेलेल्या दोघांचं नाव घरात काढायचं नाही, अशी आईने शपथच घातली होती. मी अलका, शेंडेफळ. मला ते चुलतीकडून कळलं.

चौऱ्याऐंशी साली भाऊ धुळ्याकडून सिल्वासाला धाग्याच्या कारखान्यात लागला. वर्षभराने मलाही ओढून आणलं. कारखान्याजवळच्या सामरवरणी गावात, चाळीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी. भाऊ सोन्यासारखा माणूस, पण हट्टी किती, बाई! शौचाला रक्त पडायचं, पोटात पिळवटून यायचं, तरी तोंडाला कुलूप. कारखान्यात संडासला जायचं तर सुपरवायझरकडून पितळी बिल्ला मागून न्यायचा, आणि अख्ख्या खात्यात बिल्ला एकच. भाऊ दिवसातून सात वेळा मागणार कसा? मग पाळीला निघताना जेवायचंच नाही. चहासुद्धा नाही.

एकोणनव्वदला मशीनशेजारीच कोसळला. वलसाडच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. म्हणाले, "ही मूळव्याध नाही. मोठ्या आतड्याला सूज आहे, जखमा आहेत. हे कधी कधी रक्ताच्या नात्यात उतरतं. घरात कुणाला होतं?"

आमचा बाप असाच रक्त जाऊन जाऊन गेला. ती दोन लेकरंही. मी बोलणार, तोच भावाने माझ्याकडे डोळे वटारले.

"कुणाला नाही, साहेब."

बाहेर आल्यावर मी भडकले. "खोटं का बोललास रे?"

"चंदाला उजवायचीय, अलके. घराण्यात रोग आहे कळल्यावर माझ्या लेकीला कोण करून घेईल? गप बस."

आणि मी बसले. आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

गोळ्यांनी भाऊ सावरला. घरी सांगितलं, मूळव्याधीच्या आहेत.

त्र्याण्णवला चंदाचं लग्न ठरलं आणि पोरगी वाळायला लागली. मला वाटलं, सासरची धास्ती. एकदा साडी घ्यायला निघालो तर चहाही घेईना. म्हणाली, "बाहेर जायचंय ना, आत्या."

पाळीला निघताना भाऊ असाच चहा टाळायचा. साडी गेली चुलीत! पोरीला धरून तशीच वलसाडला नेली. भाऊही मागोमाग आला.

डॉक्टर नवे होते, प्रश्न तोच. चंदाने नाही म्हणून मान हलवली. खरंच, तिला कुठे काय माहीत होतं?

भाऊ उभा राहिला. "आहे, साहेब. मला आहे. माझ्या बापाला होतं. भगवंतला होतं, मालतीला होतं." ती दोन नावं त्याच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकली.

चंदा बापाकडे बघतच राहिली. "वर्ष झालं मला, बाबा. मला वाटायचं, मीच एकटी अशी घाणेरडी."

मी तिचा हात धरला, पण तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.