फुटक्या हाताची आत्या

दौंडच्या एका मिशन दवाखान्यात स्पेनहून आलेल्या एक सिस्टर होत्या. त्यांचं इंग्रजी बेताचं, मराठी त्याहून बेताचं. मी मॅट्रिक झालेली, म्हणून दुभाषी. रोगी मराठीत कण्हायचा, मी ते इंग्रजीत सांगायचे, सिस्टर मनातल्या मनात स्पॅनिश करायच्या. तरी औषध बहुधा बरोबर मिळायचं!

दवाखान्याला स्वयंपाकीण हवी होती. मी माझ्या विधवा आत्याचं नाव सुचवलं. केंदूरला दिराच्या घरी ती राबत होती, आणि आता तिथंही नकोशी झाली होती. वाढताना तिला हात आवरायचा नाही. "हिच्या हाती डबा दिला की घर धुऊन जातं," असं दीर म्हणायचा. इथं जमलं नसतं तर तिला दुसरा आसरा नव्हता.

"बाई कशी आहे?" सिस्टरांनी विचारलं. मी कसली खोटं बोलते! जनरस आहे म्हणाले, आणि वर थोडी एक्स्ट्राव्हगंट, म्हणजे उधळी आहे, असंही जोडलं.

सिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांच्या भाषेत अगदी असाच शब्द आहे, पण त्याचा अर्थ विक्षिप्त, हे मला काय ठाऊक? "नको," त्या म्हणाल्या. "इथं आजारी माणसं. डोकं ठीक नाही, ती बाई नको."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. बाकावर, माझ्यासोबत आलेली आत्या आपली शिदोरी सोडून शेजारच्या म्हाताऱ्या रोग्याला भाकरी देत होती. "घ्या आबा, लई हाय अजून."

फडक्यात दुसरी भाकरी नव्हती.

"एक्स्ट्राव्हगंट म्हणजे हे," मी म्हणाले. सिस्टर आधी रिकाम्या फडक्याकडं बघत राहिल्या, मग खळखळून हसल्या. "मानिर्रोता!" म्हणजे फुटक्या हाताची, असं त्यांनी आपलाच हात दाखवून समजावलं. मी ते आत्याला सांगितलं.

तिनं हात उलटेसुलटे करून पाहिले. "व्हय गं, माजा दीर बी ह्येच म्हनायचा," ती घाबरून म्हणाली.

सिस्टरांनी ते दोन्ही हात धरले आणि तिला थेट चुलीपुढं नेऊन उभं केलं. त्या माउलीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पुढं मला शिरूरच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा मी आत्याला म्हटलं, आता माझ्याकडं राहा. ती आली नाही.

"हितं वाढताना माजा हात कुनी धरत न्हाई, पोरी," ती म्हणाली.