अळणी पंगत

शांतव्वा लग्न होऊन आली ती संकेश्वराकडून. शिवाजी पेठेत तिची खानावळ होती आणि तिच्या आमटीची चव लागलेला माणूस दुसरीकडं जेवायला कुरकुरायचा. वाढायचं काम नवरा विरूपाक्षाचं.

त्रेपन्न साली तिचं डोकं ठणकायला लागलं. सकाळी उठावं तर तोंड, पावलं सुजलेली. पेठेतल्या डॉक्टरांनी मनगट धरलं, तर नाडी बोटाखाली सुतळीसारखी ताठ. रक्तदाब भलताच चढलेला. लघवी काचेच्या नळीत तापवली, तशी ती पांढुरकी गढुळली. डॉक्टरांनी विरूपाक्षाला समजावलं, की मऊ असायच्या त्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात. रक्ताचा सगळा दणका मूत्रपिंडातल्या केसाएवढ्या वाहिन्यांवर बसतोय, त्या खराब व्हायला लागल्यात. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं तर मीठ बंद, कायमचं.

विरूपाक्षाला खानावळीची काळजी पडली. मीठ जिभेला लावायचं नाही, तर आमटी चाखायची कुणी? खानावळ मोडून टाकू, असं तो म्हणाला. शांतव्वा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"निवद कोण चाखून बघतंय व्हय?" ती म्हणाली. "देवाला चालतंय, मग माणसाला न चालायला काय झालं?"

सुरुवातीला आमटी कधी खारट झाली, कधी मचूळ. ती प्रत्येक पानाशी जाऊन विचारायची, वाईट बोललेलं ऐकून घ्यायची. हळूहळू हाताला अंदाज आला.

स्वतःचं पातेलं मात्र वेगळं. पहिले काही दिवस घास घशाखाली उतरेना. मग तिनं भाजलेलं जिरं, ठेचलेला लसूण, आमसूल, लिंबू असं घालून बघायला सुरुवात केली. बिनमिठाचा कांदा-लसूण मसालाही कुटला. विरूपाक्षानं त्या पातेल्यातलं एकदा घेतलं आणि पुन्हा मागितलं. त्यानं दवाखान्यात जाऊन सांगितलं, तर डॉक्टर स्वतःच जेवायला आले.

त्यानंतर मीठ तोडलेले पेशंट ते तिच्याकडंच पाठवायला लागले. भिंतीकडेला त्यांची वेगळी पंगत बसू लागली. घरी अन्नावरची वासनाच उडालेली बनाबाई इथं दोन भाकऱ्या खाऊन उठायची.

शांतव्वाची सूज ओसरली, रक्तदाब बराच उतरला. मूत्रपिंडं पहिल्यासारखी झाली नाहीत, पण आणखी बिघडलीही नाहीत. दोन वर्षं निघाली तरी पुष्कळ, असं डॉक्टरांना वाटलं होतं. सत्तावन्न साली मठातल्या बसव जयंतीच्या जेवणाचं सगळं तिच्याकडं होतं. तिकडं एका पाहुण्यानं दुसऱ्यांदा आमटी घेत विचारलं, आचारी कुठला?

"आचारी न्हाई, पावणं," विरूपाक्ष म्हणाला, "आमची मंडळी हायत त्या."