ताणबाईंची बाग

दुष्काळात सगळं लातूर पाण्यासाठी वणवण करत होतं आणि आमच्या ताणबाई विहिरीत पाणी असूनही झाडांचं पाणी तोडून बसल्या होत्या. नव्या जिल्ह्याचं ते पहिलं-दुसरं वर्ष. मी तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा कोवळा पाळक. देवळाच्या आवारात मोसंबीची बारा झाडं होती आणि त्यांच्यावर राज्य होतं या माळीणबाईंचं.

नाताळ झाला की त्या झाडांना थेंबभर पाणी देत नसत. महिनाभरात पानं पिवळी पडून गळत. याला माळी ताण देणं म्हणतात, त्यावरूनच त्यांना ताणबाई नाव पडलेलं. ताण नीट बसला तरच बहार फुटतो. बाईंना मात्र त्यात शब्बाथ, देवानं नेमलेला विसाव्याचा दिवस, दिसे. "देवानं सुदिक सातव्या दिशी हात थांबवला, पाळकसायब. मग ह्या झाडानं कुनाचं घोडं मारलंय?"

त्या वर्षी झाडांचं वाचलेलं पाणी त्यांनी वस्तीला दिलं. विहिरीवर हंड्यांची रांग लागे. कोण कुठल्या जातीचं, धर्माचं, हे बाईंनी कधी विचारलं नाही. "झाडं निजलीत, तवर तुमी प्या," म्हणत.

मंडळीचे पंच वैतागले होते. शहरात नव्या कचेऱ्या येत होत्या, भाड्याच्या खोल्यांना मागणी होती, आणि आवारात ही वाळकी बाग! फेब्रुवारीअखेर बहार दिसला नाही तर झाडं तोडून खोल्या बांधायच्या, असं ठरलं. बाई एवढंच म्हणाल्या, "हाव. बघा."

मला ते बघवेना. माझ्या खिडकीजवळच्या झाडाला मी रोज पहाटे अंघोळीतलं पाणी चोरून घालू लागलो. आठवड्याभरात कोवळी पालवी फुटली. मला आभाळ ठेंगणं झालं! बाईंनी येऊन पालवी चाचपली. "लेकराला अर्ध्या झोपेतून उठवलं की ते खेळत न्हाई, किरकिर करतं," त्या म्हणाल्या. "ह्याला आता पालाच. फूल न्हाई." कुणी उठवलं, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढे त्यांनी बेतानं पाणी सोडलं. पंधरा दिवसांत अकरा झाडं फुलांनी पांढरी झाली. उपासनेला बसलं तरी वास यायचा. बारावं नुसतं हिरवं.

रविवारी उपासना आटोपून पंच बाग बघायला आले. थोरले पंच खूश होते, पण बाराव्या झाडापाशी थबकले. "बाई, हे कसं काय हुकलं?"

"माझंच चुकलं," बाई म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आयुष्यभर बागेत कमावलेलं नाव त्यांनी माझ्यासाठी खुशाल खाली ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही. पाणी मी घातलं. चोरून," मी म्हणालो.

मग थोरले हसले. "पाळकसायब, तुमाला आजून लई शिकायचंय. ऱ्हाऊ द्या झाडं. तुमी बी ऱ्हावा."

विसाव्यावर मी आयुष्यभर प्रवचनं केली. कुणी वाखाणलं की मी ऐटीत सांगतो, हे धर्मशास्त्राच्या वर्गात नाही शिकलो, निरक्षर ताणबाईंनी शिकवलं.

त्या गेल्या तेव्हा मी नांदेडला होतो. दफनविधीला मलाच बोलावलं. विधीनंतर नोंदवहीत व्यवसायाचा रकाना आला. त्यांचा मुलगा म्हणाला, "माळीण लिवा." मी लिहिलं. पुढे आणखी लिहिलं, 'पाळकाच्या गुरू'.

त्यानं वाकून वाचलं. "हे असं चालतंय का, सायब?"

"चालतं," मी म्हणालो आणि खाली सही केली.