आडाळो

सकाळी चहा ओतताना आई म्हणाली, "ती तरकुळी मडवात टाक, मगे सोंडव."

बायको हसली. "आई आज गावाला पोचल्या वाटतं."

मीही हसलो. आई मूळची मालवणकडची. मी वाढलो करी रोडला आणि उमेदीची वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर प्रमाण मराठी तपासत काढली. तिची बोली मला निम्मीच कळते. त्यामुळे न कळलेला शब्द मालवणीच असणार, हे आमच्या घरात गृहीत धरलेलं होतं. आई नाश्ता करतानाही बोलत राहिली, नेहमीच्या हेलात, न अडखळता. आम्ही माना डोलावल्या.

मग लालबागहून मावशी आली. आईच्या शेजारी बसून तिने थोडा वेळ ऐकलं आणि माझ्याकडे वळली. तिचा आवाज उतरला होता.

"ह्यां मालवणी न्हय रे. ह्यां कायच न्हय."

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी स्कॅन पडद्यावर लावला. कपाळामागचा भाग निर्णय घेतो, त्यातलाच एक तुकडा बोलण्याचे स्नायू चालवतो. तो शाबूत होता. डोक्याच्या मागे दृष्टी, तीही शाबूत. मानेच्या वर लहान मेंदू, तो तोल सांभाळतो. म्हणूनच आई स्वतःच्या पायांनी चालत आली होती. डॉक्टरांचं बोट डाव्या कानाच्या वर, जरा मागे थांबलं. तिथे रक्तपुरवठा तुटला होता.

"शब्दांचा अर्थ इथे लागतो. त्या बोलतात, पण काय बोलतात ते त्यांनाही कळत नाही. आपण बोलतो तेही कळत नसावं." मग त्यांनी विचारलं, "सुरू कधी झालं?"

मी चहाची वेळ सांगितली. हसल्याचं सांगितलं नाही.

डॉक्टर आईकडे वळून म्हणाले, "आजी, डोळे मिटा." आई त्यांच्याकडे प्रेमाने बघत राहिली.

आता ती घरी आहे. काही शब्द परत येताहेत, असं स्पीच थेरपिस्ट म्हणतात. पण कोणता शब्द परत आलेला आणि कोणता मोडलेला, हे मला ओळखता येत नाही. तिने तोंड उघडलं की मला भीती वाटते.

काल ती स्पष्ट म्हणाली, "आडाळो."

मी मावशीला फोन लावला. "आडाळो असा शब्द आहे का गं?"

"आसा तर! विळी रे मेल्या, भाजी चिरूची विळी. कोण म्हणाला? ताई?" मावशी रडायलाच लागली. "इली रे, माझी ताई परत इली!"

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला.

आई अजून बोट दाखवत होती. तिला केस विंचरायचे होते. बोट कंगव्याकडे होतं.