ऑक्सिजनचं यंत्र आणि ऊन

पुसेगावच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. बायको बरीच वर्षं हळद पॉलिश करायच्या ढोलावर कामाला जायची. तिथली हळदीची धूळ तिच्या छातीत बसली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कडक झालीत, ती काही आता पूर्ववत होत नाहीत. मग घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि तिच्या नाकात नळी.

वीज सारखी जायची, म्हणून छतावर सोलर बसवलं. उन्हाळाभर यंत्र नीट चाललं.

तेव्हा मी वर्गासाठी अंतराळातल्या घराचा तक्ता काढत होतो. लसूण सोलता सोलता तिनं विचारलं, "तिथं लोकं श्वास कसा घेतेत?"

"आरशांनी ऊन एका जागी गोळा करायचं, त्या उष्णतेवर वीज काढायची, विजेनं पाण्यातला ऑक्सिजन वेगळा करायचा. असा विचार चालू आहे."

"म्हंजे माझ्यावानीच. पर तिथं आभाळ येत न्हाई."

"पृथ्वीची सावली येते. तेवढ्यापुरती उष्णता साठवून ठेवायची."

"अन् ती सावली सरते?"

"सरते."

ती पुन्हा लसूण सोलू लागली.

श्रावणात झड लागली. गावची डीपी जळाली, वीज गेली. ऊन नाही, त्यामुळं बॅटऱ्याही उतरल्या. भावाला सिलिंडर आणायला हिंगोलीला पाठवलं आणि मी छतावर जाऊन सोलरच्या ओल्या पाट्या टॉवेलानं पुसत बसलो. त्याचा उपयोग नाही, हे मला कळत होतं.

"खाली या," ती आतून म्हणाली. "काहून भिजून राहिले? माझ्यापाशी बसा."

यंत्र बंद पडलं होतं. तिचे ओठ निळसर झाले होते. मी तिचा हात धरून बसलो. सिलिंडर आलं, तो दिवस निभावला. पण त्यानंतर तिला यंत्र पुरेना. ऑक्सिजन पूर्ण सोडला तरी धाप थांबत नव्हती. बोलणं एकेका शब्दावर आलं.

भाद्रपदात ती गेली. भर दुपार होती, ऊन लख्ख पडलं होतं, वीजही होती. यंत्र चालूच होतं. बऱ्याच वेळानं भावानं बटण बंद केलं.

पुढच्या महिन्यात तांड्यावरचा एक जण आला. त्याच्या वडिलांनाही तसाच त्रास होता. मी यंत्र देऊन टाकलं.

"यानं बरं व्हतील ना, सर?" त्यानं विचारलं.

नळी कशी लावायची, ते मी त्याला दाखवलं.